बाईंना विचारा : तीन न् तीन सहा होत नाहीत तेव्हा

गेल्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेले की गोल वस्तूंचा हिशोब आला की भलेभले फसतात, तुमचं काही असेल तर कळवा. झालं. पोस्टाने सात पत्रं आणि व्हॉट्सॲपवर तर मोजदादच नाही, त्यात दोघातिघांनी नुसते पाइपाचे फोटो पाठवलेत, खाली एक अक्षर नाही. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, पण बहुतेकांचा घोळ एकच आहे, एकापेक्षा जास्त गोल एकत्र आले की त्यांची बेरीज कशाची करायची, तर त्यातली निवडक घेतलीत.

प्रश्न : बाई, नमस्कार. आमची कांदिवलीतली जुनी चार मजली सोसायटी. गच्चीवरून पावसाचं पाणी खाली आणणारा सहा इंची बिडाचा पाइप फुटलाय. प्लंबर म्हणतो सहा इंची पाइप आता त्या बोळात बसवायचा म्हणजे कटकट, त्यापेक्षा तीन-तीन इंचाचे दोन पीव्हीसी टाकू, तीन न् तीन सहा, हिशोब एकच. कमिटीत सगळ्यांनी माना डोलावल्या. मला कुठंतरी खटकतंय पण मीटिंगमध्ये नेमकं काय बोलायचं सुचेना. पाऊस तोंडावर आलाय. — खजिनदार, कांदिवली

उत्तर : खजिनदार साहेब, तुम्हाला खटकलं ते बरोबर खटकलं. मीटिंगला जाताना घरातून एक सहा इंची ताटली आणि तीन इंची तोंडाच्या दोन वाट्या घेऊन जा. वाट्या ताटलीत शेजारी शेजारी पालथ्या घाला. या कडेपासून त्या कडेपर्यंत बरोब्बर बसतील, म्हणजे प्लंबरचं तीन न् तीन सहा तेवढ्यापुरतं खरं आहे. आता वाट्यांच्या वर आणि खाली ताटली किती मोकळी दिसतेय ते कमिटीला दाखवा. ती मोकळी जागा म्हणजे ताटलीचा बरोबर अर्धा भाग आहे, आणि निदान तेवढं पाणी तुमचा प्लंबर गच्चीवर सोडून देतोय.

कारण पाणी व्यासातून जात नाही हो, तोंडातून जातं, आणि तोंडाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. सहाचा वर्ग छत्तीस. तीनचा वर्ग नऊ, नऊ न् नऊ अठरा. छत्तीसच्या जागी अठरा. पाय (π), बावीस सप्तमांश, त्रिज्या वगैरे काही काढायची गरजच नाही, कारण तो पाय दोन्हीकडे सारखाच आहे, नुसते व्यासांचे वर्ग मांडा आणि बेरीज करा. म्हणजे सहा इंचीच्या बदल्यात तीन इंची लावायचे तर निदान चार हवेत.

पण थांबा, चारनेही भागत नाही, आणि इथं मला प्लंबरपेक्षा गणितवाल्यांची जास्त भीती वाटते कारण ते वर्ग करून मोकळे होतात. पाणी वाहताना पाइपाच्या भिंतीला घासतं आणि घासलं की मंदावतं. चार तीन इंची पाइपांची मिळून भिंत किती, तर चार गुणिले तीन, बारा, आणि सहा इंचीची सहा. म्हणजे तोंड तेवढंच पण घासणारी भिंत दुप्पट. म्हणून पाणी वाहून नेण्याची ताकद वर्गापेक्षाही जोरात बदलते, व्यास दुप्पट केला की वाहणारं पाणी चौपट नाही तर सहापटीच्या थोडं वर जातं. थोडक्यात तुमच्या एका सहा इंचीच्या तोडीला तीन इंची पाइप सहा लावूनही किंचित कमीच पडेल. पीव्हीसी बिडापेक्षा गुळगुळीत असतो त्याचा थोडा फायदा मिळेल, पण तो एवढा नाही.

आता जरा पावसाचं बघू. तुमची गच्ची २०० चौरस मीटर धरू, मुंबईत तासाला १०० मिलीमीटर पाऊस कोसळला, जो आपल्याकडे नवलाचा नाही, तर तासाभरात २०,००० लिटर पाणी खाली यायला हवं, म्हणजे उन्हाळ्यात सोसायटी मागवते तसले दहा हजारी दोन टँकर, तासात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पडला होता, त्या दिवशी कुणाचाच पाइप पुरला नाही ते सोडा. पण रोजच्या पावसाला अर्ध्या तोंडाचा पाइप म्हणजे वरच्या मजल्याच्या छताला ओल ठरलेली. शिवाय तीन इंचीत एक प्लॅस्टिकची पिशवी आणि मूठभर पिंपळाची पानं अडकली की संपलं, सहा इंचीतून तीच निसटून जातात.

सहा इंची बसतच नसेल (दुकानात त्याला १६० मिलीमीटर म्हणतात) तर चार इंची, म्हणजे ११० चे, तीन टाका. वर्गांनी बघितलं तर सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, छत्तीसपेक्षा बरेच जास्त वाटतात, पण घासण्याचा हिशोब धरला की जेमतेम बरोबरी होते. त्यामुळे दोनावर भागवू असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. आणि वर जाळी बसवायला विसरू नका.

प्रश्न : मुलाच्या वाढदिवसाला दहा इंची पिझ्झा सांगितला होता. दुकानातून फोन, मॅडम दहाचे संपले, त्याच पैशात सात इंची दोन देतो, तुमचाच फायदा, चौदा इंच मिळतायत. मी हो म्हटलं. नवरा म्हणतो फसलीस. कोण बरोबर? — मुलुंड

उत्तर : सात सत्ते एकोणपन्नास, दोनदा अठ्ठ्याण्णव. दहा दाहे शंभर. दोन टक्के कमी, म्हणजे तुम्ही दोघंही जवळजवळ बरोबर, भांडू नका.

पण खायच्या भागाचा हिशोब वेगळा येतो. पिझ्झाच्या कडेला चांगली अर्धा-पाऊण इंच नुसती ब्रेडची कड असते, काही ठिकाणी तर एक इंच. एक इंच धरा. मग दहा इंचीचा चीज-भाज्यांचा भाग आठ इंची उरला, वर्ग चौसष्ट. सात इंचीचा पाच इंची उरला, पंचवीस न् पंचवीस पन्नास. चौसष्टच्या जागी पन्नास! मुलं कडा टाकून उठतात ते तुम्हाला माहितीच आहे. तेव्हा नवऱ्याला अर्धा मार्क जास्त.

वर्ग करायचा कंटाळा असेल तर एक युक्ती सांगते, ही मला स्वतःला फार आवडते. वर्तमानपत्राचा एक कोपरा घ्या. कोपऱ्यापासून एका कडेवर पहिल्या लहान गोलाच्या व्यासाएवढी खूण, दुसऱ्या कडेवर दुसऱ्याच्या व्यासाएवढी. दोन खुणा तिरक्या जोडा. ती तिरकी रेघ म्हणजे दोघांना मिळून जेवढा एक मोठा गोल होईल त्याचा व्यास. तुमच्या बाबतीत ९.९ इंच येईल, दहाला केसभर कमी. सहा आणि आठचे गोल घेतले तर बरोबर दहा येतात. तीन गोल असतील तर ती तिरकी रेघ परत एका कडेवर मांडायची आणि तिसरा दुसऱ्या कडेवर. हे पायथागोरसचंच प्रमेय आहे, आणि आपल्याकडे बौधायनाच्या शुल्बसूत्रातही यज्ञवेदीच्या मापांसाठी ते येऊन गेलंय, फक्त आपण शाळेत ते त्रिकोणाला चिकटवून ठेवतो आणि भाकऱ्यांना कधी लावत नाही. लावून बघा, भाकरीला मस्त लागतं.

केकला मात्र हे लावू नका, कारण तिथं उंची मध्ये येते, सहा इंच व्यासाचा पण उंच केक आठ इंच व्यासाच्या चपट्याला सहज भारी पडू शकतो.

प्रश्न : बाई मी दहावीत आहे, लालबाग. तीन वर्तुळांच्या त्रिज्या ३.५, ७ आणि १४ सेमी, एकूण क्षेत्रफळ काढा असं गणित होतं. मी तिन्ही वेगवेगळी काढून बेरीज केली, ३.१४ घेऊन. उत्तर ८०७.८ आलं, क्लासच्या पुस्तकात ८०८.५ आहे. क्लासचे सर म्हणाले चूक. बावीस सप्तमांश खरा की ३.१४?

उत्तर : दोन्ही खोटे, बाळा. पाय ३.१४१५९… असा न संपता चालतो, ३.१४ त्याच्यापेक्षा जरासा कमी आणि बावीस सप्तमांश जरासा जास्त. त्यातल्या त्यात बावीस सप्तमांश जास्त जवळचा आहे. गणितात कुठला घ्यायचा ते दिलेलं असतं, तोच घ्यायचा, आणि दिलेलं नसेल तर त्रिज्येकडे बघायचं. ३.५, ७, १४ असले सातच्या घराण्यातले आकडे दिसले की समजायचं पेपर काढणाऱ्याच्या मनात बावीस सप्तमांश आहे, तो बिचारा तुझ्यासाठीच भाग जाईल असे आकडे शोधून बसलेला असतो. तुझं उत्तर चूक नाही, पण पेपरात मार्क कुणाशी भांडून मिळत नाहीत.

खरी चूक वेगळीच आहे, तू तीनदा गुणाकार केलास. पाय कॉमन काढ. आधी वर्गांची बेरीज, १२.२५ अधिक ४९ अधिक १९६, झाले २५७.२५. मग एकदाच बावीस सप्तमांशाने गुण, ८०८.५. तीन ठिकाणी चुकायची संधी होती ती एका ठिकाणी आली.

आणि एक गंमत. बाराव्या शतकात, ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी लीलावतीत असेच दोन पर्याय देऊन ठेवलेत. परीघ सूक्ष्म हवा असेल तर व्यासाला ३९२७ ने गुणा आणि १२५० ने भागा, आणि रोजच्या व्यवहारापुरता स्थूल चालत असेल तर २२ ने गुणा, ७ ने भागा. पहिला भागाकार करून बघ, ३.१४१६ येतो. श्लोकात आकडे शब्दांत लपवलेत, ३९२७ साठी त्यांनी लिहिलंय ‘भनन्दाग्नि’, भ म्हणजे नक्षत्र, सत्तावीस, नंद नऊ, अग्नी तीन, आणि उजवीकडून डावीकडे वाचायचं. सरांना विचार ‘खबाणसूर्य’ म्हणजे किती. (ख म्हणजे आकाश, शून्य, बाण पाच, सूर्य बारा. पण आधी त्यांना विचार.)

प्रश्न : आमच्या पवईच्या टॉवरच्या पोडियमवर लॉन केलं. तीन स्प्रिंकलर, प्रत्येकाचा फवारा ३ मीटरपर्यंत जातो, आणि तिघं एकमेकांपासून ३-३ मीटरवर त्रिकोणात. जिथपर्यंत पाणी पोचतं तेवढंच लॉन, बाहेर सगळी फरशी. कॉन्ट्रॅक्टरने बिल लावलंय ८४.८ चौरस मीटर लॉनचं. मी विचारलं कसे, तर म्हणाला तीन सर्कल गुणिले २८.२७, कॅल्क्युलेटर दाखवला. आकडा बरोबर आहे पण लॉन बघून तेवढं वाटत नाही. — पवई

उत्तर : वाटत नाही कारण नाहीच. या पत्राने मला दोन संध्याकाळ घरात कागद कापत बसवलं, त्यामुळे उत्तर लांबेल, सांभाळून घ्या.

कॉन्ट्रॅक्टरचा गुणाकार बरोबर आहे, चूक त्याआधीची आहे. गोल सुटे सुटे असतील तरच बेरीज चालते. तुमचे गोल एकमेकांवर चढलेत, इतके की प्रत्येक फवारा शेजारच्या फवाऱ्याच्या बुडाला टेकतो. दोन पोळ्या ताटात अर्ध्या अर्ध्या एकावर एक टाकल्या तर ताट किती झाकलं गेलं ते मोजताना मधला दुहेरी भाग आपण एकदाच धरणार ना? गवत तिथं एकदाच लावलंय, त्याने बिल दोनदा लावलंय, आणि अगदी मधोमध तर तीनदा.

मग वजा करू. दोन गोल एकमेकांवर चढून मध्ये जी डोळ्यासारखी फाक तयार होते, तिचं क्षेत्रफळ काढायचं. तुमच्या मांडणीत ते सोपं आहे कारण एकाचा परीघ दुसऱ्याच्या मध्यातून जातो. गोलाच्या मध्यापासून फाकेच्या दोन टोकांना रेघा मारल्या की बरोबर एक तृतीयांश गोलाचा तुकडा मिळतो, ९.४२ चौरस मीटर. त्यातून त्रिकोण वजा, ३.९०. उरले ५.५३, ही अर्धी फाक. पूर्ण फाक ११.०६. अशा तीन फाका, तीन जोड्या आहेत म्हणून, झाले ३३.१७. आता ८४.८ मधून ३३.१७ काढले की बरेच जण खूश होऊन थांबतात, आणि हीच दुसरी चूक. मधला तिघांच्या वाट्याचा भाग आपण आधी तीनदा मोजला होता, मग तीन फाका वजा करताना तो तीनदा काढून टाकला, म्हणजे आता तो एकदाही मोजलेला नाही. लॉनच्या मध्यावर भोक पडलं. तो परत एकदा मिळवायचा. तो भाग म्हणजे फुगलेल्या कडांचा त्रिकोण, क्षेत्रफळ ६.३४. शेवटी उत्तर ५८.०.

म्हणजे जास्तीचे लावलेत साधारण २६.८ चौरस मीटर, फुटांत २८९ चौरस फूट. एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनातली, जुनी खोली २६९ चौरस फुटांची असायची, तुमच्या कॉन्ट्रॅक्टरने अख्खी खोली बिलात घातलीय, वर बाल्कनी. मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही, पण चूक स्वतःच्या बाजूने होते तेव्हा माणूस ती दुसऱ्यांदा तपासत नाही, हे पन्नास वर्षं उत्तरपत्रिका तपासून माझं मत झालंय.

आता खरी गोष्ट. हे आकडे मी कागदावर काढले, पण तुमच्या कमिटीला फाक आणि त्रिकोण कोण समजावणार, म्हणून म्हटलं मोजून बघू. दादरच्या स्टेशनरीच्या दुकानातून ३०० जीएसएमचा एक जाड कागद आणला. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन, ग्रॅममध्ये. तुमच्या लॉनचा नकाशा पन्नासपट लहान करून काढला, म्हणजे ३ मीटरची त्रिज्या ६ सेंटीमीटर झाली, कंपासने तीन गोल काढले आणि बाहेरची कड धरून कात्रीने कापला. तीन पाकळ्यांचं जाडसर पान दिसतं ते. ते घेऊन गेले खालच्या गल्लीतल्या सोनाराकडे. तो म्हणाला, “बाई, सोनं कुठंय?” मी म्हटलं हेच. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पानाकडे, काचेचं झाकण उघडून तराजूवर ठेवलं. ६ ग्रॅम ९३० मिली. “घडणावळ नाही ना लावायची?” म्हणाला.

हिशोब असा. ३०० जीएसएमच्या कागदाचा एक ग्रॅम म्हणजे ३३.३३ चौरस सेंटीमीटर, आणि पन्नासपट मोठं करताना क्षेत्रफळ पन्नास गुणिले पन्नास, अडीच हजारपट होतं, तेव्हा एक ग्रॅमला ८.३३ चौरस मीटर लॉन. ६.९३ गुणिले ८.३३, पावणेअठ्ठावन्न. सूत्राने ५८, कात्रीने ५७.७५. माझा हात जरा आत कापतो.

या वजनाच्या पद्धतीचा फायदा असा की गोल लहानमोठे असोत, अंतरं वेडीवाकडी असोत, तीनच्या जागी अकरा स्प्रिंकलर असोत, कात्रीला काही फरक पडत नाही. सूत्राने करायला गेलात तर अकरा गोलांत जोड्याच पंचावन्न होतात, मग तिकड्या, चौकड्या, कधी वजा कधी अधिक, डोकं फिरतं. क्षेत्रफळ वजनाने काढायची ही युक्ती जुनी आहे, वेड्यावाकड्या आकाराच्या आलेखांखालचं क्षेत्र प्रयोगशाळेत पूर्वी असंच कागद कापून वजन करून काढायचे.

भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला मावशी काय कात्री घेऊन बसलीस, आणि पाच मिनिटांत कॉम्प्युटरवर करून दाखवलं. लॉनभोवती एक चौकट, ९ मीटर बाय ८.६ मीटर. त्या चौकटीत कॉम्प्युटरला डोळे मिटून एक लाख ठिपके टाकायला सांगितले. प्रत्येक ठिपक्याला एकच प्रश्न, तीनपैकी निदान एका मध्यापासून तू ३ मीटरच्या आत आहेस का? हो असेल तर आत. दोनदा-तीनदा मोजण्याची भानगडच नाही, कारण ठिपका एक तर आत असतो नाही तर बाहेर. शंभरातले पंचाहत्तरेक ठिपके आत पडले, चौकटीच्या ७७.४ ला तेवढ्याने गुणलं की ५८ च्या आगेमागे. याला मॉन्टे कार्लो पद्धत म्हणतात, मोनॅकोतल्या जुगाराच्या अड्ड्यावरून. १९४६ मध्ये उलाम नावाचा गणिती आजारपणात पत्त्यांचा पेशन्स खेळत बसला होता, डाव लागण्याची शक्यता सूत्राने काढता येईना तेव्हा त्याला वाटलं, त्यापेक्षा शंभर डाव मांडून किती लागतात ते मोजू. त्यातून हे निघालं आणि पुढं लॉस अलामॉसला अणुबॉम्बवाल्यांच्या कामी आलं. मोठी खोट एकच, अचूकता फार हळू वाढते, दहापट अचूक उत्तर हवं तर शंभरपट ठिपके टाकावे लागतात.

कमिटीत मात्र कॉम्प्युटर नका नेऊ, कागदाचं पान न्या. मी पाकिटात घालून पाठवतेय, सोबत उरलेला कोरा कागदही. कॉन्ट्रॅक्टरसमोर त्याच्याकडूनच कापून घ्या.

प्रश्न : वायरच्या वेष्टनावर २.५ चौरस मिमी लिहिलंय, पण आत तर बारीक केसासारख्या खूप तारा. मोजायचं कुठून कुठपर्यंत? — विक्रोळी

उत्तर : बाहेरची जाडी मोजायचीच नाही, त्यात प्लॅस्टिक आलं आणि तारांमधल्या फटी आल्या. तारा मोजा. घरगुती २.५ च्या मऊ वायरीत साधारण ३६ तारा असतात, प्रत्येकी ०.३ मिमी व्यासाच्या. एका तारेचं तोंड ०.०७०७ चौरस मिमी, गुणिले ३६, झाले २.५४. १.५ च्या वायरीत २२ तारा, १.५५ येतात. जुने इलेक्ट्रिशियन अजून सेव्हन-ट्वेंटी म्हणतात ना, ते म्हणजे वीस गेजच्या सात तारा, तोही हाच हिशोब.

हे एवढ्यासाठी सांगितलं की स्विचच्या स्क्रूमध्ये वायर बसत नाही म्हणून पाचसहा तारा कापून टाकायची खोड फार जणांना असते. ३६ तल्या सहा कापल्या की एक षष्ठांश तांबं गेलं, आणि नेमकं त्या जोडापाशी. गीझर किंवा एसीचा पॉइंट असेल तर तिथंच तापतं. समोर उभं राहून बघा, कापायला लागला तर मोठा कनेक्टर आणायला सांगा.

प्रश्न : बाई, तिखटमिठाच्या पुऱ्या करताना मोठी पोळी लाटून वाटीने पुऱ्या पाडते. जाऊबाई म्हणतात लहान वाटी घे, चिंध्या कमी उरतात. खरं का? — गिरगाव

उत्तर : फारसं खरं नाही, वाटीपेक्षा मांडणी महत्त्वाची. चौकोनी पत्र्यातून ओळीने आणि रांगेने गोल पाडले तर एक मोठा पाडा, चार पाडा नाही तर शंभर पाडा, वाया जाणारा पत्रा तेवढाच, साडेएकवीस टक्के. लहान गोलांच्या मधल्या फटी लहान असतात पण असतात तेवढ्याच जास्त. वाटी बदलून काही होत नाही, मांडणी बदलून होतं. दुसऱ्या ओळीची पुरी पहिल्या ओळीतल्या दोन पुऱ्यांच्या खाचेत बसवा, मधमाशीच्या पोळ्यासारखी, मग फटींत सव्वानऊ टक्क्यांच्या आसपासच जातं.

तुमची पोळी गोल, त्यामुळे कडेला आणखी जातं. ओट्यावर ३० सेंटीमीटरची पोळी लाटली आणि वाटी ६ सेंटीमीटरची असेल तर सरळ ओळी-रांगांत तेरा पुऱ्या पडतात. मधोमध एक, तिच्याभोवती चिकटून सहा, त्यांच्याभोवती बारा अशा पाडल्या तर एकोणीस. तेवढ्याच पोळीत सहा पुऱ्या जास्त. वाटी १० सेंटीमीटरची घेतली तर मध्ये एक आणि भोवती सहा अशा सात बरोब्बर बसतात आणि तिथं चिंध्या उलट किंचित कमीच निघतात, एकोणीसमध्ये चोवीस टक्के, सातमध्ये बावीस. तेव्हा जाऊबाईंना सांगा, मोठी वाटीसुद्धा चालते.

मी स्वतः तीस वर्षं सरळ ओळीत पाडत होते, दिवसभर शाळेत वर्तुळं शिकवून आल्यावर. एकदा दिवाळीत शेजारच्या आजींनी हातातून वाटी काढून घेतली आणि मधून सुरुवात केली, त्यांची चौथी झाली होती फक्त. चिंध्या परत मळून लाटता येतात म्हणून आपण त्याकडे बघत नाही, पण दुसऱ्यांदा लाटलेल्या पुऱ्या चिवट होतात, तिसऱ्यांदाच्या तर मी घरच्यांनाच वाढते, पाहुण्यांच्या डब्यात घालत नाही.